माझ्यासोबत चुकलेला माणूस

अन्याय झाला तो आमच्या बँडमधल्या दुसऱ्या बेसवाल्यावर. वय सहासष्ट, गाव औंध, आधी फौजेच्या बँडात, मग आमच्या पार्टीत, सगळा जन्म फुंकण्यात गेलेला माणूस. कधी झाला: गेल्या मे महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. कुठं: आष्ट्यात, मारुतीच्या देवळासमोर, लग्नाची मिरवणूक थांबली होती तिथं. कुणी केला: मी.

पहिल्या चार ओळींत एवढं आलं नाही तर लोक पत्रकात भजी बांधतात, हे मी संघटनेची पत्रकं लिहून शिकलो. आजवर 'कुणी केला' याच्यापुढं मी मालक लिहिलं, कार्यालयवाले लिहिलं, यजमान लिहिलं. ते लिहिताना पेन कधी अडलं नाही. आज एका अक्षराला अर्धी दुपार गेली.

मी साताऱ्याला एमआयडीसीत कामाला आहे. घर आष्ट्यात. लग्नसराई आली की शिफ्ट बदलून, रजा टाकून, आष्ट्याच्या एका बँड पार्टीत बेस वाजवतो. बेस म्हणजे पट्ट्यानं गळ्यात अडकवायचं सगळ्यात मोठं पितळी वाद्य. त्याच्याकडं कुणी बघत नाही, पण ते थांबलं की सगळ्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. क्लॅरोनेट गाणं म्हणतं, ड्रम नाचवतो आणि आम्ही दोघं खालून गाण्याला पाय देतो. दोघं म्हणजे मी आणि ते. त्यांना पार्टीत सगळे आबा म्हणायचे, म्हणून इथंही आबाच म्हणतो.

तीन वर्षांपूर्वी मी बँडवाल्यांच्या संघटनेचा सेक्रेटरी झालो आणि तिचं पहिलं पत्रक लिहिलं. मागण्या काय होत्या ते ऐका, म्हणजे आम्हाला काय मिळत नव्हतं ते कळेल. वाजवणाऱ्यांना प्यायला पाणी द्या, आणि ते वेगळ्या ग्लासातून नको. भर उन्हात तासभर एका जागी उभं करू नका. जेवण टेम्पोमागं पातेल्यातून नको, पंगतीत पान मांडा. ठिगळं लावलेली वाद्यं बदला. ही भीक नव्हती, आणि आजही मी त्यातला एक शब्द मागं घेत नाही.

मात्र आमच्या बाजूनंही एक हमी हवी, असं मला वाटलं आणि ती मी स्वतःच्या डोक्यानं घातली. पार्टीतला कुणी दारू पिऊन वाजवतो अशी यजमानाची तक्रार आली, तर तो माणूस त्या हंगामापुरता घरी बसेल. बैठकीत मी ते खणखणीत आवाजात वाचलं. आबांनी बसल्या जागेवरून विचारलं, "तक्रार खोटी असली तर रं?"

मी म्हणालो, "आबा, आपण इतकं स्वच्छ राहायचं, की तक्रारच येणार नाही."

टाळ्या पडल्या. आबांनीही वाजवल्या. ज्या नियमाला पुरावा लागत नाही, तसा नियम कारखान्यात साहेबानं काढला असता तर मी गेटवर बोंब मारली असती. स्वतः लिहिला तेव्हा मला तो स्वाभिमान वाटला.

वाद्यांची मागणी मान्य व्हायला दोन हंगाम गेले. आमचे दोन्ही जुने बेस पार थकले होते. माझ्या बेसची दुसरी चावी रबरबँडवर चालायची. शेवटी पार्टीच्या मालकांनी नवा ट्युबा, म्हणजे नव्या बनावटीचा बेस, मागवला, आणि मी साताऱ्याला असल्यामुळं ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमधून तो मीच सोडवून आणला. खोका माझ्या छातीपर्यंत आला. रिक्षावाल्यानं विचारलं, "पाण्याची मोटर हाय का?" उघडला तर आत पितळेचं आख्खं वेटोळं, चार चाव्या, आणि वर एवढं तोंड की त्यात धुणं भिजवावं.

कुणी वाजवायचा हा प्रश्नच नव्हता. मान आबांचा होता. मी बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, जुन्याला मान हा सरंजामी विचार आहे, वाद्य पेलेल त्याच्या हातात द्या. आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वजन त्यांना झेपणार नाही, हेही सगळ्यांसमोर म्हणालो. आबा आपल्या जुन्या बेसवर थाप मारून म्हणाले, "घे की लेका. मला ही म्हातारीच बरी. वळकीची हाय." मालकांनी विचारलं, तयार व्हायला किती दिवस लागतील. मी म्हणालो आठ. मालक हसले नाहीत, नुसतं क्लॅरोनेट पुसत राहिले.

मला पाच महिने लागले. शिकायला नव्हे, मी शिकलेलो नाही हे मान्य करायला.

जुन्या बेसच्या चाव्या हातपंपासारख्या खालीवर व्हायच्या. दाबली की खाली टेकल्याचं बोटाला कळायचं. नव्याच्या चाव्या म्हणजे छोट्या पट्ट्या. जरा टेकवलं की आत एक फिरकी पाव वळण घेते आणि वाट बदलते. खटका नाही, धक्का नाही. दाबलं की नाही हेच बोटाला कळेना. साताऱ्याच्या खोलीत मी बसून नुसत्या चाव्या चालवायचो, फुंकायचो नाही, कारण पहिल्याच फुंकरीला घरमालकीण वर आली होती आणि खाली तिच्या सासऱ्यांना वाटलं टाकी फुटली.

मग रविवारी अजिंक्यताऱ्याच्या उतारावर जाऊ लागलो. सोबत पोत्यात गुंडाळलेला ट्युबा. फुंकायला लागलो की कळायचं, ह्याला हवा किती लागते. जुन्यावर मी एका श्वासात आठ ठोके ओढायचो, इथं पाचव्याला डोळ्यांपुढं काजवे. शिवाय हवा आत गेल्यावर आवाज बाहेर यायला क्षणभर उशीर; म्हणजे ढोलाच्या बरोबर पडायचं तर ढोलाच्या आधी फुंकायला हवं. आत साचलेलं थुंकीचं पाणी काढायला खाली तोटी असते अशी माझी समजूत होती. एक तोटी होतीही, पण निम्मं पाणी दुसऱ्याच नळ्यांत बसायचं आणि स्वर गुळण्या केल्यासारखा यायचा. आख्खं वाद्य गाडीच्या स्टिअरिंगसारखं गोल फिरवून ते काढायचं असतं, हे कळायला महिना गेला. उतारावर बकऱ्या चारणारी एक बाई दर वेळी बघायची. एकदा म्हणाली, "दादा, त्येला काय दुखतंय का?"

हे सगळं जमत गेलं. जमलं नाही ते आकड्यांचं.

आमच्या पार्टीत स्वरलिपी वाचणारे दोघंच, मालक आणि आबा. बाकीच्यांच्या वहीत गाण्याच्या ओळीखाली आकडे असतात. पहिली चावी दाबायची तिथं एक, दुसरी तिथं दोन, दोन्ही तिथं एक-दोन, काहीच न दाबता फुंकायचं तिथं शून्य. सात वर्षांची माझी वही अशी आकड्यांनी भरलेली. नवा ट्युबा वेगळ्या पट्टीचा होता. सगळेच आकडे बदलले असते तर मी वही फाडली असती आणि सुटलो असतो. पण निम्मे जुळायचे. सा वरून खाली उतरताना शून्य, दोन, एक, एक-दोन, अगदी तेच. मला वाटायचं, आलं की. फसवणूक खालच्या मध्यमावर होती. जुन्यावर तो शून्यावर यायचा. ओठ सैल सोडायचे, बोटांना विश्रांती. नव्यावर तसंच केलं की मध्यमाच्या जागी पंचम उभा राहायचा, एक पायरी वर. मध्यमाला पहिली चावी लागते. हे मला माहीत होतं. वहीत लाल पेनानं गोल केलेला होता. पण माझं बोट सात वर्षं त्या जागी आराम करत आलं होतं.

आबांना हे न सांगता कळलं. सरावाला मी दोनदा तिथंच घसरलो तेव्हा म्हणाले, "फौजेत आमच्याकडं असाच एक हुता, फिरत्या चाव्यांचा. लय गोड. पन वही घिऊन गेलास तर खड्ड्यात घालील. ये संध्याकाळचा, दावतो."

"आबा, सगळं मोबाईलवर हाय आता," मी म्हणालो.

"व्हय? मग मोबाईललाच फुकाय लाव."

सगळे हसले. मीही हसलो आणि गेलो नाही. हंगामात आबा आष्ट्यातच लेकीकडं राहायचे; माझ्या घरापासून तीन गल्ल्या. एकाही संध्याकाळी मी त्या तीन गल्ल्या ओलांडल्या नाहीत. ज्याच्या हातून वाद्य घेतलं, त्याच्याच पायाशी बसून ते शिकायचं, हे माझ्यातल्या सेक्रेटरीला पेलवलं नाही. संघटनेच्या नव्या पत्रकावर माझा त्या ट्युबासकट फोटो होता.

आता आमच्या पार्टीतल्या दोन रिती सांगतो, त्याशिवाय पुढचं समजणार नाही. पहिली: वाजवताना कोण चुकलं हे कुणी विचारायचं नाही. चहाच्या वेळी चुकणाऱ्यानं आपण होऊन बोट वर करून म्हणायचं, "माझं." मग सगळे त्याची खेचतात आणि विषय संपतो. दुसरी फक्त बेसच्या जोडीची, आणि ती आबांनी फौजेतून आणली म्हणतात: जोडीदार चुकला तर त्याला एकटं सोडायचं नाही. एक बरोबर आणि एक चूक वाजला की कावळे भांडल्यासारखं ऐकू येतं. दोघंही एकसारखं चुकले तर लोकांना वाटतं, मालकानं काहीतरी नवीन बसवलंय. म्हणून चुकलेल्याच्या स्वरावर जायचं, त्याचा हात धरायचा आणि दोघांनी मिळून परत यायचं.

तो शुक्रवार. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला आमच्याकडं परण्या म्हणतात. नवरदेव घोड्यावर, पुढं पोरं नाचणारी, धूळ, ऊन. देवळापाशी आल्यावर मालकांनी नाचाची गाणी थांबवली आणि भजनाची एक संथ चाल धरली. त्या चालीत बेसला खालच्या मध्यमावर आठ ठोके थांबायचं असतं. माझं बोट चावीवर पडलंच नाही. पंचम आला, आणि नव्या वाद्याचा आवाज केवढा. तो देवळाच्या भिंतीवर आदळून परत आला. मला कळलं. पहिली चावी दाबायची सोडून मी घाबरून ओठ आवळले, मग दुसरी चावी दाबली, ते आणखी भलतंच.

आबा माझ्या डाव्या हाताला होते. त्यांचा मध्यम चोख लागलेला मी ऐकला. मग तो सुटला आणि माझ्या स्वरावर आला. दुसऱ्या फेरीत मी पुन्हा तिथंच पडलो, ते पुन्हा आले. तिसऱ्या फेरीत मी कुठं चाललो होतो ते मलाच माहीत नव्हतं, तरी ते अर्ध्या ठोक्यावर माझ्यामागं. हात धरून ते मला परत आणत होते आणि मी त्यांना ओढत खोल नेत होतो. मालकांच्या क्लॅरोनेटचा सूर फाटला. सगळं थांबलं.

नवरदेवाचा मामा गर्दीतून पुढं आला. "मर्तिकाला आलाय का लग्नाला?" त्याची नजर आमच्या दोघांवरून फिरली. माझ्या गळ्यात चकचकीत नवं वाद्य, कडक कोट. आबांचे डोळे धुळीनं लाल, जुना बेस, ऑपरेशनचा गुडघा. एका जागी फार वेळ उभं राहिलं की ते डुलायचे. "ह्यो म्हातारा बघा. उभं ऱ्हाता येईना त्येला. पिऊन आलाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्येचं काय नवीन न्हाई. पयल्यापास्नं पितोय."

ते एके काळी खरं होतं. फौजेतून आल्यावर आबा पीत होते, आणि तालुक्यात ते कुणी विसरलं नव्हतं. लेकीच्या लग्नात अक्षता पडल्या त्या दिवशी सोडली ती सोडली, हे मात्र कुणाच्या लक्षात नव्हतं.

मालक माझ्याकडं वळले. "सेक्रेटरी, नियम तुझा. बोल."

आबांनी माझ्याकडं बघितलं. विनवणी नव्हती त्यात. गाणं सुरू करायच्या आधी ठोका धरायला जोडीदार बघतो ना, तसं. मला एक शब्द बोलायचा होता. तो रोज चहाला कुणी ना कुणी बोलतं.

मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा."

काय सुंदर वाक्य आहे. कुठल्याही पत्रकावर घालावं. त्यातला एकेक शब्द खरा, आणि मी आजवर बोललेलं ते सगळ्यात मोठं खोटं.

आबांनी बेसचा फुंकायचा तुकडा काढून खिशात टाकला. तो ज्याचा त्याचा असतो. बेस टेम्पोत नीट आडवा ठेवला, खाली पोतं सारलं. कोट काढला, घडी केली आणि मालकांच्या हातात दिला. मग डुलत डुलत गल्लीत वळले, आणि मागून मामा म्हणाला, "बघा, बघा चाल."

परण्या परत फिरला. मी एकटा बेस वाजवत होतो. मध्यम आला की पहिली चावी. पुन्हा मध्यम, पुन्हा पहिली चावी. त्यानंतर मी एकदाही चुकलो नाही.

त्या लग्नात आम्हाला पहिल्यांदा पंगतीत बसवलं. तीन हंगाम भांडलो होतो त्यासाठी. यजमानांनी मोजून पानं मांडली होती, आबा धरून. माझ्या शेजारच्या ताटात वाढप्यानं मसालेभात वाढला, जिलेबी वाढली, मग म्हणाला, "हितलं मानूस कुटं गेलं?" मी जेवलो. दोनदा जिलेबी घेतली. हे लिहायची गरज नव्हती, पण घेतली म्हणून लिहितो.

चहाच्या वेळी कुणी बोट वर केलं नाही.

का बोललो नाही? मला भीती होती, मालक म्हणतील, वाद्य मागायची घाई आणि वाजवायची अक्कल नाही. पुढच्या मागण्या बुडतील. चळवळीचं नुकसान होईल. मी स्वतःला हेच सांगत राहिलो, आणि एका माणसाला खड्ड्यात घालून जी वाचते तिला मी चळवळ म्हणत राहिलो. खरं कारण लहान होतं. मला लाज वाटली.

श्रावणात सांगलीला पत्रकं छापायला गेलो. प्रेसवाला ओळखीचा, त्यानं कागद कापता कापता मला एक किस्सा सांगितला. आष्ट्यात म्हणे एक बेसवाला म्हातारा इतका पिऊन आला, की मारुतीपुढं आडवा झाला, भोंग्यात ओकला, आणि नवरदेवाचा घोडा बुजला. "तुमच्याच पार्टीतला का ओ?" तो हसत म्हणाला. मी हसलो नाही. पण खोटं आहे असंही म्हणालो नाही. प्रूफ तपासत बसलो. त्या प्रुफात दोन चुका सापडल्या, त्या मात्र मी लगेच दुरुस्त करून घेतल्या.

दिवाळीनंतर नव्या हंगामाची बैठक झाली. आबा आले नाहीत. मालक म्हणाले, "हंगाम संपला, शिक्षा संपली, तरी यायला तयार न्हाई. निरोप धाडला दोनदा." त्या रविवारी मी साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे औंधला गेलो. यमाईच्या डोंगराखाली त्यांचं घर. अंगणात सूप घेऊन हुलगे निवडत होते.

"आलास व्हय. बस."

मी उभाच राहिलो. एसटीत चार वेळा घोकलेलं एका दमात बोललो. "आबा, त्या दिवशी मी चुकलो होतो. देवळापुढं."

"मग मी कुणाबरूबर चुकलो? मारुतीबरूबर?" त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. खडा काढून टाकला. "बस म्हनलं न्हवं."

मी बसलो. "तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"माझं न्हवतंच की त्ये. ज्याचं असंल त्यानं म्हनायचं. दुसऱ्याचं मी कसं म्हनू?"

"मला शिव्या तरी घाला."

"शिव्या घालून काय हुतंय. तू काय पयला न्हाईस घाबरनारा." सूप हलवून त्यांनी फोल उडवलं. मग हात थांबला. "त्या दिशी दुपारी लेकीच्या घरी गेलो. तवर तिथं समदं पोचलं हुतं. तिनं पानी दिलं. आन दिताना वाकली, जवळ. तोंडाचा वास घेतला माज्या." त्यांनी सुपातला आणखी एक खडा उचलून लांब टाकला. "तिची चूक न्हाई, गड्या. ल्हानपनी लय वास सोसलाय तिनं. पन सासूच्या देखत घेतला. त्याच सांजच्या गाडीनं आलो हिकडं. तवापास्नं तिच्या दारात गेलो न्हाई."

"मी सगळ्यांना सांगतो. पत्रक काढतो. मोठ्या अक्षरांत."

"कागदानं काय हुनार? लोकांनी एकामेकाच्या तोंडानं ऐकलंय. त्ये तोंडानंच पुसाय पायजे." आणि मग, जणू त्याच वाक्यात, "त्यो मध्यम घावला का?"

"पहिली चावी."

"चावी इसर. आधी कानात येऊ दे, बोट आपसूक पडतंय." त्यांनी खालच्या आवाजात तो स्वर गुणगुणला आणि माझा हात ओढून स्वतःच्या ऑपरेशनच्या गुडघ्यावर ठेवला. दर वेळी मध्यमावर आले की माझं बोट दाबलं जातंय का ते बघत राहिले. तास झाला. हुलगे तसेच राहिले. मे महिन्याच्या आधी एक संध्याकाळ एवढं करायला पुरली असती.

परत आल्यावर मी पार्टीसमोर बोट वर केलं. सहा महिने उशिरा. कुणी खेचली नाही माझी. मालक एवढंच म्हणाले, "मला तवाच वाटलं हुतं. पन नियम तू लिहिलेला." तो नियम आम्ही खोडला आणि मी सेक्रेटरीपद सोडलं. ह्यात मोठेपणा काही नाही. आबांना त्यानं काडीचा फरक पडला नाही.

मग मी तोंडानं पुसायला निघालो. आबांच्या लेकीच्या घरी गेलो, दारातच सगळं सांगितलं. तिची सासू ऐकून घेऊन म्हणाली, "आवं, तुमी संघटनेचं. आपल्या मानसाला झाकनारच की तुमी." नवरदेवाच्या मामाकडं गेलो. तो म्हणाला, "दुसऱ्याचं पाप अंगावर घेतोयस, लय चांगला हायेस," आणि चहा पाजला. सलूनमध्ये सांगितलं, पानपट्टीवर सांगितलं. लोक मान डोलावतात आणि मी गेलो की तोच किस्सा पुन्हा सांगतात, आता त्यात शेवटी मी येतो, म्हाताऱ्याला वाचवायला आलेला पुढारी. इतकी वर्षं मी गल्लोगल्ली आमच्या बाजूनं बोलत फिरलो. आता खरं बोललो तरी ते आमच्याच बाजूचं ऐकू येतं.

लेक कोपऱ्यापर्यंत माझ्यामागं आली. म्हणाली, "तुम्ही खरं सांगताय ते कळलं मला. त्यांना फोन केला तर म्हणतात, बरा हाय, आणि ठेवून देतात. मला एकटीला कळून ते या दारात येणार नाहीत. जे हसले, त्यांनी म्हणायला पाहिजे."

दुसऱ्या बेसची जागा या हंगामात रिकामी आहे. मी एकटा वाजवतो, मध्यम बरोबर लागतो.

आता तुम्ही. त्या परण्यात तुम्ही पुढं नाचत होता, किंवा कट्ट्यावर उभं राहून बघत होता. किंवा नव्हताच तिथं, पण दाढी करताना, एसटीत, चहाच्या गाड्यावर कुणीतरी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही थोडं वाढवून पुढं सांगितलंत. मला तुमची सहानुभूती नको, माफी नको, संघटनेला पाठिंबाही नको. ज्याला सांगितलंत त्याच्याकडं परत जा. त्याला सांगा, म्हातारा थेंबभरही प्यालेला नव्हता, चुकला तो शेजारचा, नव्या मोठ्या भोंग्याचा, पत्रकं वाटत फिरतो तो. लोक माझ्यावर हसतील, हसू द्या. आष्ट्याचे असाल तर त्या लेकीच्या दारापुढं थांबा आणि तिच्या सासूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगा. या आठवड्याच्या बाजाराच्या आधी सांगा.